दाढेची कॅप आधी की वह्यांचा माल?

प्रश्न: पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझं वह्या-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. वय ४३. खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल तीन सिटिंगमध्ये झालं, ७,००० रुपये दिले. शेवटचं सिटिंग होऊन चार दिवस झाले तरी त्या बाजूनं चावलं की ठणकतं. त्यात डॉक्टर म्हणतात, आता कॅप बसवून घ्या. मेटलची ३,०००, मेटल-सिरॅमिक ५,५००, झिर्कोनिया १३,०००. रोख जमत नसेल तर सहा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता करून देतात, प्रोसेसिंग फी ५९९ अधिक जीएसटी. माझ्याकडे ६०,००० आहेत, पण ते जूनच्या सीझनचा माल भरायला ठेवलेत. सीझनला रुपयाचा सव्वा रुपया होतो. घाऊकवाला रोखीत ३ टक्के सूट देतो, नाहीतर १५ दिवसांची उधारी. पत्नीच्या नावे १ लाखाची एफडी आहे. मेहुणे म्हणतात, दुखतंय तर काढूनच टाका, हजार रुपयांत विषय संपतो. वरच्या डाव्या दाढेतही कीड निघाली आहे, फिलिंगचे १,२०० सांगितलेत. आईची (वय ६८) कवळी करायची आहे ती वेगळीच. कॅप ऑगस्टपर्यंत पुढे ढकलू का? मेडिक्लेममधून काही मिळेल का?

उत्तर: ऑगस्टपर्यंत ढकलू नका. दाढ काढू नका, हप्ता करू नका, एफडीलाही हात लावू नका. मे संपायच्या आत मेटलची कॅप बसवून घ्या आणि त्याचे पैसे त्या ६०,०००मधूनच काढा. तुम्हाला वाटतंय तेवढी त्याची किंमत पडत नाही. हिशोब पुढे देतो. पण आधी दुखण्याबद्दल बोलू, कारण तुमचं पत्र निम्मं त्या ठणक्यानंच लिहिलंय.

मी दातांचा डॉक्टर नाही. पण दात दुखत असताना पैशाचे निर्णय घेणारी माणसं माझ्यासमोर नेहमी बसतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नस काढली, मग दुखतं कसं? दाताच्या आतली नस गेली, म्हणून गार-गरम झोंबायचं थांबतं. पण दात हाडात बसलेला असतो आणि मुळाभोवतीचं आवरण जिवंतच असतं. आधीच्या जंतुसंसर्गानं आणि आत फिरवलेल्या बारीक फाइल्सनी (कानशीसारख्या सुयांनी) ते सुजतं. चावलं की दात त्या सुजलेल्या आवरणावर दाबला जातो आणि ठणका लागतो. तासभर तोंड उघडं ठेवल्यानं जबड्याचे स्नायू अवघडतात ते निराळंच. हे दुखणं साधारणपणे काही दिवसांत, फार तर आठवडा-दीड आठवड्यात ओसरत जातं. म्हणजे चौथ्या दिवशी दुखतंय, यावरून ७,००० रुपये पाण्यात गेले असं ठरत नाही. पाहायचं ते एवढंच की कालच्यापेक्षा आज कमी आहे का.

तोवर दुसऱ्या बाजूनं चावा. भाकरी, चकली, शेंगदाणे काही दिवस राहू द्या. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, तेवढीच. अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिकही आणू नका. साध्या ठणक्यावर त्याचा उपयोग नसतो. लवंगेचं तेल सगळेच सुचवतील. आत नस उरलेली नाही, तेव्हा ते तिथे काय करणार? हिरडी तेवढी पोळेल. दात मिटल्यावर तीच दाढ आधी टेकतेय असं वाटत असेल तर वर तात्पुरतं भरलेलं सिमेंट उंच राहिलेलं असू शकतं. ते घासून घ्यायला दहा मिनिटं पुरतात आणि त्याचे वेगळे पैसे सहसा कुणी घेत नाही. जाऊन दाखवा. मात्र सूज आली, ताप आला, पू दिसला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तेव्हा दुकान आणि हिशोब दोन्ही बाजूला.

आता मेहुण्यांचा सल्ला. हजार रुपयांत दुखणं संपेल, विषय नाही संपणार. खालची मोठी दाढ गेली की शेजारचे दात त्या फटीत कलू लागतात, वरची दाढ खाली उतरू लागते आणि चावायचं सगळं काम एका बाजूवर येतं. ती जागा भरायची तर ब्रिज करावा लागतो, म्हणजे दोन्हीकडचे चांगले दात घासून तीन कॅपची जोडणी. तुमच्याच डॉक्टरांचा मेटल-सिरॅमिकचा भाव धरला तर १६,५००. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, त्याच्याही पुढे जातं. मेहुण्यांनी पहिली पावती पाहिली, दुसरी पाहिली नाही.

पण उलट बाजूचाही एक युक्तिवाद मला मान्य नाही. “७,००० घातलेत म्हणून आता कॅप करायलाच हवी” असं वाटणं साहजिक आहे. ते ७,००० गेले. कॅप केली तरी ते परत येणार नाहीत, नाही केली तरी नाहीत. आज प्रश्न इतकाच आहे: इथून पुढे ३,००० रुपये घातले तर चावायची मोठी दाढ अनेक वर्षं टिकण्याची चांगली शक्यता आहे, नाही घातले तर काय होईल? रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोखरलेली असते. किडलेला भाग गेला, वरून भोक पाडलं, भिंती पातळ उरल्या. कॅपशिवाय ती एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडावर उभी चिरते. चीर हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेली तर कुठलाही डॉक्टर ती वाचवू शकत नाही आणि मग मेहुण्यांचे हजार आणि ब्रिजचे १६,५०० दोन्ही तुमच्याच खिशातून जातात. शिवाय वरचं तात्पुरतं सिमेंट झिजून तोंडातले जंतू पुन्हा आत शिरले तर रूट कॅनालच परत करावं लागतं.

म्हणजे ढकलायला वाव आहे तो आठवड्या-दोन आठवड्यांचा, तीन महिन्यांचा नाही. आणि तुमच्या सुदैवानं तेवढाच पुरेसा आहे. पत्र मेच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. ठणका असताना कॅपचं माप घ्यायची घाई डॉक्टरही करत नाहीत. दुखणं ओसरलं की एक दिवस दाढ घासून माप द्यायचं, मग लॅबमधून कॅप आली की बसवायची. या दोन खेपा विसाव्या-पंचविसाव्या तारखेपर्यंत उरकतात. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, तुमची गर्दी साधारण एक तारखेपासून. ऐन सीझनला, गिऱ्हाईक दुकानाबाहेर फूटपाथवर उभं असताना, दाढ फुटून शटर खाली ओढायची पाळी आली तर त्या दिवसाचा गल्ला कॅपच्या बिलात धरायचा की नाही, ते तुम्हीच सांगा.

आता तो हिशोब. तुमचं म्हणणं, ६०,०००मधून पैसे काढले तर त्यावरचा नफा बुडतो. वाजवी आहे. पण तुमच्या पत्रातच १५ दिवसांच्या उधारीचा रस्ता आहे, तो तुम्ही मोजलाच नाही. कॅपचे ३,००० आणि त्या दुसऱ्या दाढेच्या फिलिंगचे १,२००, असे ४,२०० काढा. ५५,८०० रुपयांचा माल रोखीत उचला, उरलेला ४,२००चा जूनच्या पहिल्या आठवड्यात उधारीवर घ्या, म्हणजे पैसे द्यायची तारीख ऐन विक्रीत येईल. माल पूर्ण भरला जातो. बुडते ती फक्त ४,२००वरची ३ टक्के सूट, म्हणजे १२६ रुपये. समजा घाऊकवाल्यानं उधारी नाकारलीच, तरी सव्वा रुपयाच्या हिशोबानं १,०५० रुपयांचा नफा हुकेल. तेही दाढ काढून ब्रिज करायच्या १७,५००च्या धोक्यापुढे स्वस्तच.

बिनव्याजी हप्ता. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. कुठे ना कुठे ते वसूल होतंच. तुमच्या बाबतीत ते फीमध्ये आहे. ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०७ रुपये. १३,००० सहा हप्त्यांत फेडायचे, म्हणजे सहा महिन्यांत सरासरी ७,५८३ रुपयेच तुमच्याकडे राहतात. त्यावर ७०७ म्हणजे वर्षाला साडेअठरा टक्क्यांच्या वर. फी ठरावीक आहे, म्हणून रक्कम लहान झाली की दर चढतो: हाच हप्ता ५,५००च्या कॅपला केला तर वर्षाला ४४ टक्के पडतात! एखादा हप्ता चुकला तर दंड निराळा. हप्ता देणारी कंपनी क्लिनिककडूनही बहुधा काहीतरी कापून घेते. तेव्हा “रोख देतो, काही कमी होईल का” हे विचारायला लाजू नका. वह्यांच्या बाजारात तुम्ही रोज करता तेच.

एफडी मुदतीआधी मोडली की ठरलेल्या दरातून साधारण अर्धा ते एक टक्का कापला जातो, आणि तुमच्या गरजेला तो खड्डा कशाला? ती घरच्या अडीनडीसाठी आहे, राहू द्या.

कॅप कोणती? मी मेटलची म्हणतो. खालची मागची दाढ, हसताना दिसत नाही. धातूची कॅप मजबूत असते आणि ती बसवायला दात कमी घासावा लागतो, जे पातळ भिंतींच्या दाढेला बरंच. चांदीसारखी चमक नको असेल तर मेटल-सिरॅमिक. जास्तीच्या २,५०० रुपयांना रंग मिळतो, एवढं समजून द्या. झिर्कोनिया वाईट नाही, पण दुकानाचे पैसे गुंतलेले असताना मागच्या दाढेत १३,००० घालावेत असं मला वाटत नाही. तिच्यासोबत कितीतरी वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळेल. ती हमी कॅपची असते, खालच्या दाताची नाही. डॉक्टरांनी तुमच्या चाव्यामुळे किंवा हिरडीमुळे अमुकच कॅप हवी असं कारण दिलं, तर मात्र त्यांचं ऐका.

मेडिक्लेममधून काही मिळणार नाही. नेहमीच्या पॉलिसीत दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघातात दात गेले आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. ओपीडीचा (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा) जोड असलेल्या पॉलिसी असतात, पण घेण्याआधी वाढीव प्रीमियम आणि दातांसाठीची मर्यादा शेजारी लिहून पाहा, बऱ्याचदा उत्साह तिथेच मावळतो. करबचतीचंही डोक्यातून काढा. तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत कर तसाही शून्यावर येतो.

आईंच्या कवळीसाठी मात्र खासगी दवाखान्याचं कोटेशन घ्यायच्या आधी एक चक्कर मारा. धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बराच कमी येतो. खेपा जास्त होतात, रांगेत बसावं लागतं. तुम्हाला ते परवडणार नाही, दुकान कोण बघणार? आईंकडे वेळ असेल आणि सोबतीला घरचं कुणी असेल तर तिथे पैसे खरोखर वाचतात. कवळीला जुलै उजाडला तरी बिघडत नाही. तुमची अर्धवट दाढ मात्र आता तिकडे हलवू नका. जिथे रूट कॅनाल झालं, तिथेच कॅप होऊ द्या, म्हणजे पुढे काही झालं तर जबाबदारी एकाचीच राहते.

राहिली वरची डावी दाढ. सगळ्या पत्रात तिला तुम्ही एक ओळ दिलीत. माझ्या मते हे १,२०० रुपये यादीत सगळ्यात वर हवेत, कॅपच्याही आधी. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की हीच दाढ पुन्हा ७,००० अधिक कॅप मागेल. शिवाय सध्या तुम्ही चावताय ते याच डाव्या बाजूनं. उंच सिमेंट दाखवायला किंवा कॅपची तारीख ठरवायला जाल, तेव्हाच ती भरून घ्या.