आर्बर प्रेसला पंच बसवायचे कसे?

प्रश्न : दादा, मी पट्टे-पाकिटं बनवतो, सेकंडहँड एक टनी आर्बर प्रेस (हँडल ओढून दाब देणारं यंत्र) घेतलीय. हातोडीच्या ठकठकीला शेजारी वैतागलेत. पण भोकं पाडायचे पंच नि डिझाइनचे ठसे रॅमला, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या ठोकळ्याला, धरवायचे कसे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रॅम काढा आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून खालच्या तोंडाला बरोब्बर मध्यात भोक पाडून घ्या. आधी दांड्या कॅलिपरने मोजा हं, ठशांच्या बऱ्याचदा ६ मिमीच्या आसपास असतात पण पंचाच्या जाड निघतात, म्हणून भोक जाड दांडीच्या मापाचं ठेवायचं नि बारक्यांना चीर दिलेलं पितळी बुश (आत बसणारी नळी) करायचं. बाजूने ५ मिमीचं भोक मारून एम ६ चे (६ मिमी स्क्रूचे) आटे पाडा, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की झालं, फक्त दांडी भोकाच्या तळाला टेकलीच पाहिजे, नाहीतर सगळा दाब त्या बिचाऱ्या स्क्रूवर येतो आणि टूल वर सरकतं. पंचाखाली नायलॉनचा बोर्ड ठेवा, लोखंडावर धार मेलीच म्हणून समजा. ठशाखाली मात्र स्टीलची जाड प्लेट, आणि चामडं व्हेज टॅन (झाडांच्या सालीबिलीने कमावलेलं), जरा दमट केलेलं. क्रोम टॅनवर (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर) ठसा नीट उठत नाही, हँडलला कितीही लोंबकळा.