पेडल पुन्हा मऊ पडलं, म्हणजे हवा कुठून तरी शिरते आहे

तुम्ही लिहिलंय की गाडी दहा वर्षांची हॅचबॅक आहे, ब्रेकचं पेडल स्पंजसारखं दबतं, रामबागेतल्या मेकॅनिकने हवा काढून दिली आणि आठवड्यात पुन्हा तेच. त्यात आई-बाबांना घेऊन ओंकारेश्वरला जायचंय. आधी त्याचंच सांगतो: हे निस्तरेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो, आणि तिथे उतारावर पाय सारखा ब्रेकवरच असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की १४० अंशांनाही उकळू शकतं. वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. इंदूरच्या सपाट रस्त्यावर जे चालून जातं, ते तिथे चालत नाही.

आता मूळ मुद्दा. ब्रेकची लाईन बंद असते, तिच्यात आपोआप हवा येत नाही. एक तर ती पहिल्यांदा पूर्ण निघालीच नव्हती, नाहीतर कुठून तरी आत शिरते आहे. म्हणून लगेच दुसऱ्यांदा हवा काढायला जाऊ नका. आधी पेडल काय सांगतंय ते बघा.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपवा आणि मग जोर देऊन दाबून धरा. पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक झालं, तर लाईनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले ब्रेक शू जास्त सैल आहेत. शू सैल असले तर पेडल खोल जातं, पण तळाशी कडक लागतं. हवा असली तर शेवटपर्यंत दबदबीत. पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेही गळती नसली, तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल लाईनमध्ये ढकलणाऱ्या पंपाची, आतली सील गेली आहे. मग कितीही हवा काढा, उपयोग नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे ड्रममधले शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरवर आहे. तिथली गळती रबरी टोपीच्या आड लपते, चाक बाहेरून कोरडंच दिसतं. ड्रम काढून टोपी उचलून बघायला सांगा. आत ओल दिसली तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलून घ्या आणि ऑइल पिऊन बसलेले शूवरचे लायनरही. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलेला असतो, ती मागची बाजूही बोट फिरवून बघा. तिथली गळती बूस्टरच्या आत जाते, जमिनीवर थेंब पडत नाही. शेवटी चाकांजवळचे होज पाईप: कुणाला तरी पेडल दाबायला सांगा, पाईप फुगताना दिसला तर तो गेला.

दोष दूर झाल्यावरच हवा काढायची. ब्लीडिंगचा, म्हणजे चाकाचाकाची हवा काढायचा, क्रम गाडीच्या पुस्तकातला घ्या; बऱ्याच छोट्या गाड्यांत एक पुढचं आणि त्याच्या तिरकं मागचं चाक एका लाईनवर असतं, त्यामुळे ‘सगळ्यात लांबचं आधी’ हा नियम सरसकट लागू होत नाही. चाकामागच्या निपलला (हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करून घट्ट करायचं, त्यानंतरच पेडल सोडायचं. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत आपटलं तर मास्टर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर सील घासते आणि चांगला सिलिंडर कामातून जातो. हे मेकॅनिक मंडळी सहसा करत नाहीत, तुम्ही आग्रह धरा.

ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं आणि गाडीला एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलं, तर त्याच्या मॉड्यूलमध्ये हवा अडकलेली असू शकते. ती बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावूनच निघते.

आठवड्यात टाकीतली पातळी उतरली का, आणि दाबून धरल्यावर पेडल बसतं का, एवढं बघून कळवा.