स्कायरिममध्ये सोनं लई झालंय म्हणतोस, तर ऐक

भावा, स्कायरिम गेमवरचा तुझा प्रश्न नीट वाचला. लेव्हल ३८, टू-हॅन्डेड (दोन हातांनी धरायची शस्त्रं) आणि हेवी आर्मरवाला (जड चिलखतवाला) नॉर्ड, व्हाइटरन शहरातलं ब्रीझहोम हे घर घेऊन झालंय, कम्पॅनियन्स ह्या योद्ध्यांच्या टोळीची स्टोरी संपवलीय, खिशात १ लाख ४० हजार सोनं आणि तू विचारायलास की अण्णा आता ह्याचं करू काय, घेण्यासारखं काय उरलंच नाय. इकडं सराफ बाजारातला भाव बघून लोक लग्नातला एकेक दागिना कमी करायलेत आणि तुला सोनं नको झालंय, बरंय बाबा तुझं.

वरच्या उत्तरांत तिघाचौघांनी घर घे, घर घे म्हणून सांगितलंय. घेऊ नको असं मी म्हणत नाय, पण घर हे ह्याचं उत्तर नाय बे. ब्रीझहोम ५ हजार, रिफ्टनचं हनीसाइड ८, मार्कार्थचं व्लिंड्रेल हॉल ८, विंडहेल्मचं येरिम १२ आणि सोलिट्यूडचं प्राउडस्पायर मॅनर २५ हजार, म्हणजे उरलेली चारही घरं घेतलीस तरी ५३ हजार, आतल्या सामानाचे अजून थोडे जातील. तरी तुझ्याकडं निम्म्याच्या आसपास उरतंय आणि ते घरांचं काम होईपर्यंत तू चार गुहा अजून साफ करून परत लाखावर जाणार. नळ चालूच ठेवायचा आणि बादल्या वाढवत बसायचं ह्यात काय अर्थ नाय.

मला जे म्हणायचंय ते सरळ सांगतो, तुझ्याकडं सोनं जास्त नाय, तू विकायलास जास्त. लेव्हल ५ ला असताना प्रत्येक लोखंडी तलवार उचलून व्हाइटरनच्या बेलेथॉरच्या दुकानात टाकायची सवय लागलेली असते, तेव्हा ते बरोबरच होतं, ब्रीझहोमचे ५ हजार जमवायचे होते. पण आता लेव्हल ३८ ला तू तीच सवय घेऊन फिरायलास. ड्रॅगन मारला की हाडं उचलतोस ना? एक हाड वजनाला १५, एक खवला १०, दोन ड्रॅगन झाले की तुला पळता येत नाय, मग फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) बंद, मग चालत चालत व्हाइटरन, मग दुकानदाराकडं साडेसातशेच सोनं म्हणून दोन दिवस वेट करायचं, हा सगळा वेळ कशासाठी, तर जे तुला नकोच आहे ते मिळवण्यासाठी. आणि सोन्याला वजन शून्य, त्यामुळं ते कधी बोचत पण नाय, दहा लाख झालं तरी खिसा हलकाच. गेम तुला थांब म्हणून सांगतच नाय.

तर पहिलं काम, सोन्यासाठी विकणं बंद. वस्तूवर वस्तू घे. जुन्या कपड्यावर भांडी देणाऱ्या मावशी दारात यायच्या ना, आई दोन शर्ट आणि एक साडी काढायची आणि घमेलं घ्यायची आणि वर अजून एक वाटी मागायची, एक्झॅक्टली तसं खेळ. दुकानदाराकडं ७५० च असतंय, कासारालोहाराकडं हजाराच्या आसपास, औषधवाल्याकडं ५०० च्या आसपास, आणि ते ४८ तासांनी परत भरतंय. तुझ्याकडची एन्चान्ट केलेली (जादू भरलेली) तलवार दीड-दोन हजाराची असली तर त्याला ती घेता येत नाय म्हणून तू चिडतोस. उलटं कर. आधी त्याच्याकडचे भरलेले ग्रँड सोल जेम (एन्चान्ट करायला लागणारे, आत्मा भरलेले खडे) घे, एबनी धातूचे इनगॉट (विटा) घे, जे काय उपयोगाचं आहे ते सगळं घे, तुझं सोनं त्याच्या गल्ल्यात गेलं की मग तलवार टाक. त्याचं दुकान रिकामं, तुझं वजन कमी, आणि हातात आला तो माल ज्यानं तुझी स्किल वाढते.

आता खरा खर्च. ट्रेनिंग. हे कुणी वर लिहिलंच नाय ह्याचं मला नवल वाटलं, कारण अख्ख्या गेममध्ये सोनं देऊन थेट कॅरेक्टर वाढवायचा हाच एक रस्ता आहे. प्रत्येक लेव्हलला पाच वेळा ट्रेनिंग घेता येतंय, पाच, आणि ते वापरलं नाहीस तर पुढच्या लेव्हलला साठून येत नाय, गेलं ते गेलं. तू आतापर्यंत किती घालवलेस ते मोजू नको, जीव जळेल. तुला बाहेर पण जावं लागत नाय, यॉरवास्करमध्येच, म्हणजे कम्पॅनियन्सच्या वाड्यातच, दोघं भाऊ बसलेत, फारकस हेवी आर्मर शिकवतो, विल्कास टू-हॅन्डेड, तुझ्या दोन्ही मेन स्किल घरच्या घरी. मास्टर ट्रेनर ९० पर्यंत नेतो, त्याच्यापुढं स्वतः घासायचं. स्किल जितकी वर तितकी फी वाढते आणि ऐंशीच्या पुढं एकेका पॉइंटला हजारात जाते, म्हणजे पाच घेतलेस की भसकन पैसे उतरतात. हेच पाहिजे होतं ना तुला?

पण ऐक, मी तुला मेन स्किलवर सगळे पाच घालू नको म्हणेन. टू-हॅन्डेड तर तू कुऱ्हाड फिरवून फुकटच वाढवायलास, त्याला पैसे कशाला. जी स्किल खेळता खेळता वाढत नाय तिला पैसे दे. एन्चान्टिंग घे, मार्कार्थच्या डिबेलाच्या देवळात हमाल नावाची बाई आहे, मास्टर आहे (नाव वाचून रेल्वे स्टेशन आठवतंय पण आहे खरं). स्मिथिंगला (लोहारकामाला) तुझ्या यॉरवास्करच्या मागंच स्कायफोर्ज भट्टीवर एओरलुंड म्हातारा. हेवी आर्मर पण पैशानं चांगलं, कारण ती मार खाल्ल्याशिवाय वाढत नाय आणि लेव्हल ३८ ला मार खायची हौस राहत नाय कुणाला.

फॅन्डालवाली ट्रिक कुणीतरी तुला सांगेल, रिव्हरवुडमधल्या फॅन्डालकडून आर्चरी शिकायची, त्याला सोबत घ्यायचं आणि त्याच्या खिशातून फी परत काढायची. चालते ती, आणि कम्पॅनियन्स संपल्यावर ते लोक फॉलोअर (सोबती) होतात म्हणून तिथं पण चालते. पण तुझा प्रॉब्लेम उलटा आहे, तू कशाला परत काढतोस. दे की फी. प्रामाणिकपणे फी भरायची चैन ह्या गेममध्ये फक्त श्रीमंताला परवडते.

स्किल १०० झाली की तिला लेजेंडरी करता येतंय, २०१३ च्या १.९ पॅचपासून. स्किल परत १५ वर येते, त्यातले पर्क (खास क्षमतांचे पॉइंट) परत मिळतात, आणि १५ पासून ट्रेनिंग परत स्वस्तात सुरू. त्याच्याआधी ८१ च्या आसपास लेव्हल अडकायची, आता अडकत नाय. तुला पैसे जिरवायला ह्याच्याइतकी खोल विहीर दुसरी नाय गेममध्ये, कारण तिला तळच नाय.

कच्चा माल हा दुसरा खर्च आणि तो ट्रेनिंगला जोडूनच येतो. लोक सोल जेम भरायला रात्रभर सोल ट्रॅपचा मंत्र मारत फिरतात, तू भरलेले विकत घे. लोक ट्रान्सम्यूट मंत्र शिकून लोखंडाची चांदी आणि चांदीचं सोनं करत बसतात आणि अंगठ्या बनवून स्मिथिंग वाढवतात, तू ओअर (कच्चा धातू) आणि इनगॉट सरळ लोहाराकडून उचल. अल्केमीला (औषधं बनवायच्या स्किलला) पण तेच, औषधवाल्याचं शेल्फ रिकामं कर, महाग पोशन बनव, जितकं पोशन महाग तितकं एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) जास्त. आणि बनवलेलं विकू नको म्हटलं तर तुझा हात शिवशिवणार म्हणून सांगतो, विक, पण वर सांगितलं तसं, मालावर माल.

स्पीच (बोलण्याची, सौद्याची स्किल) ७० झाली असेल तर इन्व्हेस्टर पर्क बघ, दुकानदाराला ५०० दिले की त्याचा गल्ला कायमचा ५०० नं वाढतो. सगळे दुकानदार घेत नाहीत. ऐकायला भारी वाटतंय आणि नवीन पोरं ह्याच्यावर लई खूश असतात, पण मला विचारशील तर तुझ्यासाठी हे बिनकामाचं, कारण त्यानं काय होणार, तर तुला अजून जास्त विकता येणार. आगीत तूप. स्पीच १०० चा मास्टर ट्रेडर पण तसलाच, प्रत्येक दुकानदाराला हजार जास्त. सोडून दे.

घराचं म्हणशील तर विकत घेण्यापेक्षा हार्थफायर ह्या जोडभागातलं (डीएलसी) बांध. फॉक्रिथजवळचं लेकव्ह्यू मॅनर घे, जागा ५ हजाराला मिळते, पण खरा खर्च त्याच्यानंतर. लाकूड, दगड, माती, काच, खिळ्यासाठी लोखंड, कुलपासाठी कोरंडम, ते संपतच नाय. जुळे सोलापुरात घर बांधलेल्या कुणाला पण विचार, स्लॅब पडला म्हणजे घर झालं असं नसतंय. स्टुअर्ड ठेव, तो पैसे घेऊन सामान आणतो, आतलं फर्निचर करतो, गाय, कोंबड्या, घोडागाडीवाला, गाणारा, सगळं करून देतो. दोन पोरं दत्तक घे रिफ्टनच्या अनाथाश्रमातून, त्यांना काहीबाही आणून दे. ह्यातनं कॅरेक्टरची ताकद फार वाढत नाय पण तुला परत जायला एक ठिकाण होतंय, आणि बोर होण्यावर त्याचा उपयोग प्राउडस्पायरच्या पंचवीस हजारापेक्षा जास्त आहे. प्राउडस्पायर आहे भारी, नाय म्हणत नाय, पण तिथं एकट्यानं तीन मजले चढउतार करायचं आणि खाली तुझ्या व्हाइटरनच्या लिडियासारखी अजून एक हाउसकार्ल (घरची अंगरक्षक) बसलेली.

बारीकसारीक खर्च पण आहेत. भाड्याचा सोबती ५०० ला, व्हाइटरनच्या ड्रंकन हन्ट्समनमध्ये जेनासा बसलेली असते, रिफ्टनला मार्क्युरिओ. डॉनगार्ड डीएलसी असेल तर रॅग्ड फ्लॅगन ह्या दारूच्या अड्ड्यावर हजार देऊन चेहरा बदलून घेता येतो. सोल्स्थीम बेटावर गेलास तर कोल्बजोर्न बॅरो ह्या जुन्या थडग्यापाशी रॅलिस नावाचा माणूस खोदकामाला पैसे मागतो, पहिले हजार, मग परत, मग परत, माणसं मरतात आणि हा परत हात पुढं करतो. ते कर, शेवटी मिळणाऱ्या वस्तू एन्चान्टिंगवाल्याला कामाच्या आहेत आणि स्टोरी पण मस्त आहे. भिकाऱ्याला एक नाणं दे, तासभर स्पीच वाढते, आणि एकच नाणं दे, शंभर द्यायचा पर्यायच नाय.

हे तुझ्या एकट्याचं दुखणं नाय. ह्या टाइपच्या सगळ्या गेममध्ये पैसे यायच्या वाटा शंभर आणि जायच्या दहा. डियाब्लो २ मध्ये सोनं इतकं बेकार झालं की लोक आपापसात स्टोन ऑफ जॉर्डन नावाच्या अंगठीवर सौदे करायचे, सोन्याला विचारायचंच नाय कुणी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१८ ला कंपनीनं एक जनावर विकायला ठेवलं ५० लाख सोन्याचं, पाठीवर लिलावघर, फक्त लोकांचे खिसे रिकामे करायला. विचर ३ च्या हार्ट्स ऑफ स्टोन ह्या जोडभागात रुनराइट (शस्त्रांवर मंत्र कोरणारा कारागीर) ५, १० आणि १५ असे मिळून ३० हजार क्राउन घेतो आणि तिथं खरंच विचार करावा लागतो. स्कायरिममध्ये तसला कुणी नाय, दुकानदार पण तुझा खिसा बघून भाव वाढवत नाहीत, म्हणून ते काम तुलाच करावं लागतंय.

माझं ऐकशील तर हे कर. आज रात्री यॉरवास्करला जा, पाच ट्रेनिंग घे. मग मार्कार्थला जा, पण घोडागाडीनं, गाडीवाल्याला पैसे दे, फास्ट ट्रॅव्हल मारू नको, आणि रात्र झाली की खानावळीत दहा सोनं देऊन खोली घे. वाटेत ज्या गुहा लागतील त्यातनं फक्त तीन गोष्टी उचलायच्या, जे तू घालणार, जे तू डिसएन्चान्ट करणार (मोडून त्याची जादू शिकणार), आणि सोल जेम. बाकी मेलेल्याच्या अंगावर राहू दे. पहिल्या दिवशी हात लई शिवशिवतील, एबनीची कुऱ्हाड सोडून जायला जिवावर येतं, मला माहितीय. पुढच्या लेव्हलला परत पाच.

ॲनिव्हर्सरी एडिशन असेल तर सर्व्हायव्हल मोड पण चालू करून बघ, जेवण, झोप, थंडी सगळं लागतंय आणि फास्ट ट्रॅव्हल बंद. बाहेर ४३ डिग्रीत पंख्याखाली बसून विंटरहोल्डमध्ये थंडीनं मरायला मजा येते. मॉड (लोकांनी बनवलेले गेमचे बदल) टाकायचे असतील तर आधी लॅपटॉपची रॅम किती ते सांग आणि गेम स्टीमचा आहे का ते पण, मग लिस्ट देतो, उगं वीस मॉड टाकून परत क्रॅश व्हायलाय म्हणून येऊ नको.

आणि ते १३ ड्रॅगनची हाडं चेस्टमध्ये ठेवलीत म्हणालास ना, ती तेवढी विकू नको. स्मिथिंग १०० कर, चिलखत बनव.