मॅडमना सांगू नको

रत्नागिरीत समुपदेशनाचं काम करताना महाविद्यालयात, विद्यापीठात शिकवणारी बरीच माणसं माझ्याकडे येतात. पीएचडीची मुलं सांभाळणाऱ्यांची एक तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकते. मुलं खरं सांगत नाहीत, त्यांच्यावर विसंबलं की काम बिघडतं, मग सगळं मीच करायचं का? पुढची हकिकत अशाच एका बाईंची. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय. त्यांना मी इथे मॅडमच म्हणते.

मॅडम मूळच्या घाटावरच्या. वनस्पती आणि परागीकरण करणारे कीटक हा त्यांचा विषय, हाताखाली पाच विद्यार्थी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या पहिल्यांदा आल्या. एकीकडे प्रोजेक्टच्या खर्चाचा हिशेब द्यायचा होता आणि दुसरीकडे हातातला सगळा हंगाम वाया गेल्यासारखा वाटत होता. रात्री दोनला जाग यायची, मग विद्यार्थ्यांच्या वह्यांचे फोटो फोनवर मोठे करून तपासत बसायच्या.

झालं होतं असं. काजूच्या एकाच तुऱ्यात नर फुलंही असतात आणि द्विलिंगी फुलंही. परागकण चिकट, त्यामुळे वाऱ्यावर फारसे जात नाहीत. ते एका फुलावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम सातेरी मधमाशी, इतर बारीक मधमाश्या, माश्या करतात. ते मोजायचं तर काही तुऱ्यांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधायच्या, काही उघडे ठेवायचे आणि दोन्हीकडे किती बिया धरतात ते बघायचं. दहा झाडं, प्रत्येकावर सहा पिशव्या. कीटक आत पोचले नाहीत तर पिशवीत फारशा बिया धरायला नकोत. पण तीन झाडांवर पिशवीतल्या तुऱ्यांना उघड्यांइतक्याच हिरव्या बिया लोंबत होत्या.

मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. फेब्रुवारीत एका सकाळी वानरांनी चौदा पिशव्या फाडल्या होत्या. काम सांभाळणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी नव्या पिशव्या बांधल्या आणि वहीत त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. मैत्रिणीने सल्ला दिला होता, "मॅडमना सांगू नको."

मॅडमनी ती वही पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली. तीन दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही. शेतात उभं राहून लिहिलेल्या आधीच्या पानांवर मात्र घामाचे डाग, वाकड्या ओळी, एका पानावर चिरडलेली मुंगी. "हे बघूनच मला कळायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "ताई, ही मुलगी उद्या पेपर लिहील. तिथेही लपवेल. मी हिला ठेवू की काढू?"

त्यांचा राग रास्त होता, हे मी तिथेच बोलून दाखवलं. संशोधनात नोंद दडवणं ही बारीकसारीक गोष्ट नाही, "जाऊ दे, लहान आहे" म्हणून सोडायची तर मुळीच नाही. अनेक समुपदेशक अशा वेळी घाईने समजूत घालायला लागतात. मला ते पटत नाही. पण मला दुसरं काही विचारायचं होतं. "तुमच्या लॅबमध्ये वाईट बातमी तुम्हाला आपणहून येऊन कोणी सांगितली, असं शेवटचं कधी झालं?"

मॅडम बराच वेळ गप्प राहिल्या. मग आदल्या पावसाळ्यातली गोष्ट निघाली. जुलैत रात्रभर लाइट गेली होती. डीप फ्रीझर वितळला, दोन वर्षं जमवलेले नमुने पाण्यात गेले. फ्रीझरची जबाबदारी असलेल्या मुलाने सकाळी सहाला फोन केला होता, कोणी विचारायच्या आधी. मॅडमनी त्याला साडेदहाला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. "इन्व्हर्टरची बॅटरी तपासायचं साधं काम तुला जमत नाही" इथपासून सुरुवात होती. ऐकणाऱ्यांत काजूवाली मुलगीही होती.

हे सांगता सांगता त्या थांबल्या. पुढचं मला बोलावं लागलं नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. निघालं उलटंच, नेतृत्व चांगलं होतं तिथे चुकांची नोंद जास्त. तिथल्या लोकांना चूक बोलून दाखवायची भीती कमी होती, असा अर्थ तिने लावला. मी हे मॅडमना सांगितलं, कारण त्या शास्त्रज्ञ आहेत आणि भावनेपेक्षा निरीक्षण त्यांना लवकर पटतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी लॅब सुबक अक्षरात लिहायला शिकली."

मग त्यांच्या भीतीबद्दल बोललो, कारण राग तिथून येत होता. या विषयात हंगाम चुकला की वर्ष जातं. काजू आणि आंब्याचा मोहर हिवाळ्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पाऊस सुरू झाला की दिपकाडीची रानफुलं, सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं ऑगस्ट-सप्टेंबरात. खाडीत पांढरी चिपी या खारफुटीच्या झाडाची फुलं रात्री उमलतात, त्यांच्याकडे वटवाघळं आणि पतंग येतात, म्हणून तिथे रात्रपाळी. पीएचडी करताना मॅडमना फुलं मोजायला शिकवलं, पाच माणसं कशी सांभाळायची हे कोणीच शिकवलं नव्हतं. त्यात मुलांची फेलोशिप चार-चार महिने अडकलेली. ती मुलगी पहाटेच्या एसटीने स्वतःच्या खिशातून तिकीट काढून बागेत जायची, हे मॅडमना माहीत होतं, पण त्या आठवड्यात आठवलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत आम्ही दोनच वाक्यं पक्की केली. कोणी चूक सांगायला आलं की आधी, "सांगितलंस ते बरं झालं." मग लगेच, "कुठून कुठपर्यंत बिघडलंय?" बाकी सगळं, अगदी जाबसुद्धा, दुसऱ्या दिवशी आणि एकांतात. मॅडमना पहिलं वाक्य जड गेलं. माझ्यासमोर चार वेळा म्हणून पाहिलं, दर वेळी आवाज चढायचा. पाचव्यांदा जमलं.

मुलीशी बोलताना त्यांनी खोली निवडली नाही, बाग निवडली. वही घेऊन दोघी त्या तीन झाडांपाशी गेल्या, एकेक पिशवी बघून संशयित तुऱ्यांवर लाल दोरा बांधला. चौदाच्या चौदा हिशेबातून वगळल्या. प्रगती अहवालात वानरांचं आणि उशिरा कळल्याचं स्पष्ट लिहायचं ठरलं, आणि ते लिहिण्याचं काम मुलीवर सोपवलं. एरवी मॅडमशी प्रमाण मराठीत जपून बोलणारी ती मुलगी झाडाखाली एकदम म्हणाली, "मॅडम, माका भिती वाटली." मॅडमनी उत्तरादाखल फ्रीझरची गोष्ट काढली आणि त्या मुलाची माफी मागायची राहिल्याचं सांगितलं. पुढच्या सोमवारी त्यांनी ती मागितली. झापलं होतं सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर.

आता प्रत्येक फील्ड वहीत रोजच्या पानाच्या तळाला एक चौकट असते, "आज काय बिघडलं". रिकामी सोडायची नाही, काहीच नसेल तर "काही नाही" असं लिहून पुढे किती वाजले ते टाकायचं. सुरुवातीला सगळे "काही नाही" लिहायचे. जूनमध्ये मॅडमनी स्वतःच्या वहीत लिहिलं की जीपीएसचे सेल न्यायला त्या विसरल्या, आणि वही टेबलावर उघडी ठेवली.

त्यांना अजून जाग येते, पण रोज नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्यांचा फोन आला. सड्यावर गेलेल्या नव्या मुलाने त्यांना दुपारी कळवलं होतं की फुलं मोजायला जमिनीवर आखलेल्या चौकोनांचे क्रमांक दोन दिवस तो उलटे लिहीत होता. "माझ्या कानशिलात ठोके वाजत होते," त्या म्हणाल्या. "फोन कानापासून लांब धरला, पाऊस ऐकला, मग म्हटलं, सांगितलंस ते बरं झालं, कुठल्या चौकोनापासून?"

"मग?"

"मग तो पानं उलटत होता, ते ऐकू येत होतं. म्हणाला, सातव्यापासून."