वाचकांचे प्रश्न : जंगलवाट आणि प्रवाळ

प्रश्न : अंदमानातील स्वराज द्वीपावर वाटाड्यासोबत एलिफंट बीचपर्यंत चालत जाऊन स्नॉर्केलिंग (डोळे-नाक झाकणारा मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखालचे पाहणे) करण्याचा बेत आहे. पंचगंगेत पोहण्याची सवय पुरेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोहता येणे उपयोगी पडेलच, परंतु खरी सवय लागते ती तोंडाने श्वास घेण्याची, म्हणून मास्क लावून प्रथम कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सराव करावा. मास्कच्या कडेखाली मिशा आल्या की पाणी आत झिरपते (कोल्हापूरकरांना हे विशेष लागू!). सुमारे २ किलोमीटरची जंगलवाट पावसानंतर चिखलाची होते, तेव्हा कोल्हापुरी चपला खोलीवरच ठेवाव्यात. भरती-ओहोटीची वेळ वाटाड्याला आदल्या दिवशीच विचारावी, कारण ओहोटीला प्रवाळ पायाशी येतात, आणि ते दगड नसून जिवंत प्राण्यांच्या वसाहती असल्याने त्यांवर उभे राहू नये.