अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत, नवं नाटक लिहू का प्रमाण मराठीत, आणि जळगाव-धुळ्याकडे बसून लिहिलेलं पुढं जातं का?

भाऊ, लिही, आणि पात्र जसं बोलतं तसंच लिही. आमच्या तालमीत एक सीन होता, बाप शेतातून येतो आणि पोराला विचारतो, तू काय करतो आहेस, चार दिवस तो सीन उठतच नव्हता, मग बापाचं काम करणारा सहज बोलून गेला, "काय करी ऱ्हायना रे भो?" आणि समोरचं पोरगं आपोआप खाली बसलं, मान घालून. तिथंच सीन सापडला. पूर्ण नाटक अहिराणीत केलंच पाहिजे असं नाही, घरात अहिराणी आणि बँकेत, शाळेत मराठी, आपण खरंच असेच बोलतो ना.

पुढं जाण्याचं म्हणशील तर राज्य हौशी नाट्य स्पर्धा आहे, जळगाव केंद्रावर प्राथमिक फेरी होते, कॉलेजात असशील तर पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा आहेत. फक्त संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठव, प्रमाणपत्र लागतंच, आणि नवे लेखक नेमके इथंच शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात.

अजून एक, श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या लोकदेवीच्या, उत्सवावेळी वही गायन होतं ते रात्रभर बसून ऐक, डफाच्या तालावर गोष्ट कशी थांबवतात आणि परत कशी उचलतात ते कुठल्याच वर्कशॉपमधे शिकवत नाहीत. पहिला ड्राफ्ट झाला की ओसरीवर चार जणांना मोठ्यानं वाचून दाखव, आईला नक्की बसव.