दुसरी किल्ली वापरू नका : कारागिराने अडवून ठेवलेल्या जीपविषयी

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यातील शेतकरी आहे. माझ्या फोर-बाय-फोर जीपची नोंदणी २०११ सालची आहे. तिच्या मागच्या समोरासमोरच्या दुमडत्या सीटांच्या बिजागऱ्या झिजल्या होत्या आणि एका बाजूचा खटका लागत नव्हता. लातूरच्या एका सीट-कुशनच्या कारागिराने बिजागऱ्या, खटके, फोम आणि रेक्झिन मिळून १४,५०० रुपये सांगितले. तसा व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडे आहे. मी ५,००० रुपये आगाऊ दिले. गाडी आणायला गेलो, तेव्हा जुन्या बिजागऱ्या कापून तिथे लोखंडी अँगलवर एकच पक्के बाकडे वेल्डिंग केलेले दिसले. आता तो ३१,८०० रुपये मागतो, शिवाय रोजचे २०० रुपये जागाभाडे लावतो आणि पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. सोयाबीनची काढणी तोंडावर आहे. गाडी माझ्या नावावर आहे आणि दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. मी गाडी घेऊन आलो, तर गुन्हा होईल का?

उत्तर : होय, होऊ शकतो, म्हणून ती किल्ली कृपया घरीच ठेवावी. आपलीच वस्तू आपण उचलली तर चोरी कशी, असे कोणालाही वाटेल. परंतु चोरीची व्याख्या मालकीवर नव्हे, तर ताब्यावर उभी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, आणि त्याआधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये, घड्याळ दुरुस्तीचे एक उदाहरण दिलेले आहे. दुरुस्तीचे पैसे देणे असताना कारागिराने घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवले आणि त्याला त्या तारणापासून वंचित करण्याच्या हेतूने मालकाने ते उचलून नेले, तर मालक चोरी करतो, असे ते उदाहरण स्पष्ट सांगते. आपल्याकडून १४,५०० पैकी ९,५०० रुपये अद्याप द्यायचे आहेत. त्यामुळे रात्री जाऊन गाडी काढून आणलीत, तर आज तक्रारदार असलेले आपण उद्या आरोपी व्हाल आणि कापलेल्या बिजागऱ्यांचा विषय मागे पडेल.

आता कारागिराचा हक्क कुठपर्यंत पोहोचतो, ते पाहू, कारण आपल्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याच्याकडे वस्तू कामासाठी सोपवली आहे त्याने श्रम किंवा कौशल्य वापरून काम केले असेल, तर त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू स्वतःजवळ ठेवण्याचा धारणाधिकार त्याला मिळतो. मात्र ते काम वस्तू ज्या हेतूने सोपवली त्या हेतूला धरून झालेले असावे, अशी त्या कलमाची अट आहे. आपण गाडी दिली ती दुमडती सीट पुन्हा नीट दुमडावी आणि खटक्यात पक्की बसावी म्हणून. सीट दुमडूच नये असे बाकडे बसवणे ही त्या कामाची दुरुस्ती नव्हे, ते वेगळेच काम आहे, आणि त्यापोटी वाढवलेल्या १७,३०० रुपयांसाठी गाडी अडवण्याचा अधिकार या कलमातून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या २०० रुपयांचेही तसेच आहे. हे कलम श्रम आणि कौशल्याच्या मोबदल्याविषयी बोलते. स्वतःच्या तगाद्यासाठी अडवलेल्या गाडीचे जागाभाडे त्यात बसत नाही. शिवाय हा अधिकार केवळ अडवून ठेवण्याचा आहे. कारागीर गाडी विकू शकत नाही, आणि त्याने ती विकली किंवा परस्पर वापरायला घेतली, तर फौजदारी विश्वासघाताच्या तक्रारीचा विचार करता येईल. आज मात्र पोलिसांकडे गेल्यास हा दिवाणी वाद आहे असे उत्तर मिळण्याचाच संभव अधिक आहे.

एक गोष्ट आपण स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून पाहावी. कारागिराने मध्ये फोन केला असेल आणि आपण घाईत ‘तुम्हाला बरं वाटेल तसं करा’ असे म्हणाला असाल, तर तो त्यालाच संमती म्हणेल. आपल्याकडे बहुतेक कामे अशाच शब्दावर चालतात. तसे बोलणे झाले असेल, तर ते आपल्या वकिलापासून लपवू नका.

माझा सल्ला असा. प्रथम कारागिराला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोच घेऊन पाठवावी आणि त्यातला मजकूर व्हॉट्सॲपवरही पाठवावा. ठरलेल्या रकमेतले उरलेले ९,५०० रुपये आपण देण्यास तयार आहोत, वाढीव काम आपण सांगितलेले नाही, आणि कापलेल्या जुन्या बिजागऱ्या व खटके गाडीसोबत परत हवेत, या तिन्ही गोष्टी त्यात स्वच्छ लिहाव्यात. काम ठरल्याप्रमाणे झालेले नसताना ९,५०० तरी का द्यायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण ही रक्कम देऊ केल्यानंतर गाडी अडवण्यामागे उरलेला कायदेशीर आधार फार क्षीण होतो, आणि पुढे नुकसानभरपाई मागताना ती परत मागण्याची वाट मोकळीच राहते. जुने भाग मागण्यात हलगर्जी करू नका. ते भंगार असले, तरी मालमत्ता आपली आहे, आणि बिजागरी झिजली होती की तिचा आधारच गंजून गेला होता, हे तेच सांगतील. अशा जुन्या गाडीत मागचा पत्रा गंजलेला असणे सहज शक्य आहे. दुरुस्ती शक्यच नव्हती असा बचाव कारागीर घेईल, तेव्हा हा पुरावा लागेल.

आठ दिवसांत उत्तर आले नाही आणि काढणीसाठी गाडीवाचून चालणारच नसेल, तर मागितलेले बिल बँकेमार्फत भरावे आणि ‘ही रक्कम हरकत राखून, केवळ गाडी सोडवण्यासाठी देत आहे’ असा संदेश पैसे देण्यापूर्वी पाठवावा. भाड्याच्या गाडीवर होणारा खर्च पाहता मला हा मार्ग कमीपणाचा वाटत नाही. पक्के बिल मागून घ्यावे. ते न देणे ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘काम समाधानकारक’ अशा मजकुरावर सही मात्र करू नये, आणि गाडी जागेवर असतानाच वेल्डिंगचे, अँगलचे व कापलेल्या खुणांचे जवळून फोटो काढावेत.

पैसे भरणे शक्य नसेल, तर थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ मुळे तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते; कारागीर लातूरचा असला, तरी आपली तक्रार धाराशिवच्या आयोगात चालेल. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. कलम ३८(८) नुसार आयोग अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीचा, आदेश देऊ शकतो. वादातली रक्कम आयोगात जमा करून गाडी सोडवून मागण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा. व्हॉट्सॲप संदेश दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद खरी असल्याचे, प्रमाणपत्र जोडावे, आणि तोपर्यंत मूळ फोन बदलू नये वा संदेश पुसू नयेत.

आपण न विचारलेला एक मुद्दा मला अधिक काळजीचा वाटतो. सीट मूळ रूपात दुरुस्त करणे हा फेरफार नव्हे. पण समोरासमोरची दोन आसने काढून एकच बाकडे बसवल्याने आर.सी.वर नोंदलेली आसनक्षमता आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडू शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते आणि कलम १८२अ(४) अन्वये अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ही जबाबदारी कलमाने मालकावर टाकलेली आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आपली २०२६ साली संपते, आणि नूतनीकरणासाठी गाडी आर.टी.ओ.समोर तपासणीला न्यावी लागेल. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच बदल पुढे करील.

म्हणून गाडी हाती आल्यावर बाकडे लगेच कापू नये. आधी परवानाधारक विमा सर्व्हेअर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा आणि मूळ पद्धतीच्या बिजागऱ्या, खटके व आधारपट्ट्या बसवण्याचे अंदाजपत्रकही घ्यावे, कारण नुकसानभरपाईचा आकडा त्यावरच ठरेल. त्यानंतर मूळ रचना करून घ्यावी. तोपर्यंत पोती हवी तेवढी न्यावीत, परंतु त्या बाकड्यावर घरातल्या कोणालाही बसवू नये. गंजलेल्या पत्र्यावरचे वेल्डिंग जोराच्या ब्रेकला किती टिकेल, हे कोणीही पाहिलेले नाही.